तूर कोणी उधळली

माझा भाऊ गजेंद्र एका जागी बसत नाही, हे तसं जन्मापासूनचं आहे. पण यंदा अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर तो पुण्याहून न सांगता आला आणि त्याचं जे काही चाललं होतं, ते बघून माझंच डोकं फिरायची वेळ आली. ओसरीतून विहिरीवर, विहिरीवरून गोठ्यात, गोठ्यातून परत ओसरीवर. जेवायला बसला तर अर्ध्या भाकरीवर उठला. फोन वाजला की खिशातून काढायचा, नाव बघायचा आणि तसाच परत ठेवायचा. आईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मी म्हटलं, दृष्टबिष्ट काही नाही, याचं काहीतरी बिनसलंय आणि ते मी काढून घेते.

मी त्याची मोठी बहीण, वंदना. मला गावातल्या गावात दिलंय, त्यामुळे माहेर आणि सासर यांच्यात एक गल्ली. गाव नांदुरा तालुक्यात, वडनेर भोलजीपासून जरा आत. गजेंद्र भौतिकशास्त्रात डॉक्टर झाला, पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करतो, पण करारावर. गावात सगळे त्याला शास्त्रज्ञ म्हणतात आणि पोरगी मात्र कोणी देत नाही.

विहिरीच्या काठावर त्याला गाठलं. "काय झालं रे गज्या? पोरगीबिरगी हाये का?"

"पोरगी असती तं बरं झालं असतं, ताई," तो म्हणाला. पुण्यात तो असं बोलत नाही. घरी आला की संध्याकाळपर्यंत जिभेवर येतं.

मग त्याने सांगितलं. मला समजलं तेवढं सांगते, मी बी.ए. आहे आणि तेही मराठीत. आकाशात ताऱ्यांचे प्रचंड समूह आहेत, दीर्घिका म्हणतात त्यांना, आणि ते गरगरा फिरतात. दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांचं वजन धरलं तरी इतक्या वेगात ते तारे एकत्र राहायला नकोत, बाहेर फेकले जायला हवेत. पण जात नाहीत. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं आणखी वजन आहे आणि ते दिसत नाही. ते काय आहे, हे अजून कोणालाच ठाऊक नाही, ज्याचा त्याचा अंदाज. गजेंद्रचा आणि त्याच्या सरांचा अंदाज असा, की ते वजन आपल्या जगात नाहीच. लांबी, रुंदी, उंची आणि काळ सोडून आणखी एक दिशा आहे, पाचवी मिती. ती अतिशय आखूड आहे आणि ते वजन तिकडे आहे. तिकडून इकडे उजेड येत नाही. ओढ तेवढी येते.

"शेजारच्यानं त्याच्या बोअरची मोटर चालू केली की आपल्या विहिरीचं पानी उतरते का नाही?" तो म्हणाला. "मोटर दिसत नाही, आवाज येत नाही. पानी उतरते. तसं."

"मंग चांगलं हाये की."

"चांगलं होतं," तो म्हणाला आणि उठून परत चालायला लागला. मी मागून. विहिरीला फेऱ्या मारत त्याने उरलेलं सांगितलं. ती मिती खरी असेल, तर केसाहून बारीक अंतरावर दोन वस्तूंमधली ओढ नेहमीपेक्षा जास्त भरायला पाहिजे. बाहेरच्या देशात कोणीतरी मोजली. भरली नाही. सर म्हणाले, आपण धरली त्यापेक्षा मिती लहान असेल. गणित बदललं, पेपर छापला. कोणीतरी आणखी जवळून मोजलं. नाही भरली. सर म्हणाले, अजून लहान असेल. आता सरांना नवा प्रकल्प मिळणार होता, मिती त्याहूनही लहान धरून, आणि त्यात गजेंद्रची तीन वर्षांची सोय होती. फक्त त्याने हो म्हणून आराखडा लिहून द्यायचा. फोन त्याच्यासाठीच येत होते. नाही म्हटलं तर महिनाअखेर करार संपून हा घरी.

"मंग कर ना लहान," मी म्हटलं. "तुह्या बापाचं काय जाते?"

"किती लहान करू, ताई?"

"नोकरी पक्की होईपर्यंत कर."

तो हसला नाही. मला राग आला. तीन वर्षांचा पगार समोर ठेवलाय आणि याला नको झालंय. आमच्याकडे पाऊस लांबला तर आम्ही दुबार पेरतो, तिबार पेरतो, पण विहिरीभोवती फिरत बसत नाही. हे मी त्याला त्याच शब्दांत सुनावलं. गोठ्याच्या सावलीत बाज टाकून बाबा पडले होते. आम्ही त्यांना विसरलोच होतो.

"गज्या," बाबांनी हाक मारली. "मोजून पाह्यलं अन् नाही भरलं, हे तुमच्यात सांगते कोन?"

"मोजनारेच सांगतेत, बाबा. छापून टाकतेत."

"आपलं आपनच खोटं पाडतेत?"

"पाडा लागते."

बाबांनी कूस बदलली. पण नंतर बघते तर तेही बाजेवरून उठून काठी टेकत ओसरीत येरझाऱ्या घालतायत. बापलेकांनी मिळून त्या दिवशी घरातली जमीन झिजवली.

आता बाबांचं सांगायला हवं. माझे वडील पुंजाजी आमच्या गावचा घट वाचतात. आमच्या जिल्ह्यात भेंडवळच्या घटमांडणीचं नाव मोठं. आमचा घट लहान, आसपासच्या पाच-सहा गावांपुरता. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वावरात गोल आखतात. गोलाच्या कडेने धान्यांच्या लहान लहान राशी मांडतात: ज्वारी, तूर, मूग, उडीद, सरकी, तीळ, सगळं. मधे खड्ड्यात चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांची, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर आईच्या हातच्या पुऱ्या, पापड, कुरडया. मग सगळे निघून येतात. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे बाबा बघतात: कोणतं धान्य जागेवर आहे, कोणतं विखुरलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं. त्यावरून कोणतं पीक साधेल आणि पाऊस कधी दगा देईल ते सांगतात. लोक त्याप्रमाणे बियाणं घेतात. माझ्या आजोबांनी वाचला, त्यांच्या वडिलांनी वाचला. बाबांनंतर गजेंद्रने वाचायचा, असं सगळे धरून होते. गजेंद्र सोडून.

मांडणीच्या दिवशी सकाळी बाबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "वंदे, तुह्या वावरात डुकरायसाठी लावलेला थो कॅमेरा हाये ना? थो आन."

"कायले?"

"घटावर लावाचा हाये."

मी बघतच राहिले. "बाबा, रात्री तिथं जात नाहीत."

"मानूस जात नाही. कॅमेरा मानूस थोडाच हाये?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "लहानपनापासून मी पाहून राह्यलो, सकाळी धान्य हललेलं असते. कोन हलवते, हे बापाले इचारलं तं त्यानं थोबाडीत मारली. मंग कोनालेच नाही इचारलं. आता डोळे बी गेले अर्धे. मले एकदा मालूम पाह्यजे."

गजेंद्रचा चेहरा पडला. खरं तर शास्त्रज्ञाला आनंद व्हायला पाहिजे होता. "बाबा, नोको," तो म्हणाला. "पाह्यल्यावर ते परत न पाह्यल्यासारखं करता येत नाही."

"तू पाह्यलंच ना? मंग मी बी पाहीन."

आई म्हणाली, म्हाताऱ्याला उतारवयात काय सुचलंय. पण बाबांनी एकदा ठरवलं की ठरवलं. मी कॅमेरा सोडवून आणला. सौर पॅनलवर चालणारा, काहीही हललं की फक्कन मोठा उजेड पाडून चित्रण करणारा. डुक्कर त्या उजेडानेच पळतं. त्याचा दिवा फोनवरून बंद करता येतो. दिवा बंद कर, असं मी गजेंद्रला सांगितलं होतं की नाही, यावर आमचं अजून भांडण आहे. मी म्हणते, सांगितलं आणि तो हो म्हणाला. तो म्हणतो, मी बोललेच नाही. तो तेव्हा हातातल्या वाजणाऱ्या फोनकडे बघत होता, एवढं मला पक्कं आठवतं.

संध्याकाळी मांडणी झाली, पूजा झाली, सगळे परतले. कॅमेरा आम्ही निंबाच्या फांदीत आधीच बांधला होता. कोणाच्या लक्षात आला नाही.

पहाटे वावरात गर्दी होती. गाड्या लावायला जागा नव्हती. बाबांना धूसर दिसतं, म्हणून मी शेजारी बसून राशी सांगत होते आणि ते हाताने चाचपत होते. ज्वारी जागेवर. मूग थोडा बाहेर. सरकी ठीक. मग तुरीपाशी आलो. अशी तूर मी कधी पाहिली नव्हती. रास मोडलेली, दाणे गोलाच्या आत-बाहेर उधळलेले, मधे उकरल्यासारखी माती. बाबांचा हात त्या मातीवरून फिरला आणि थांबला. मग ते उभे राहिले आणि नेहमीच्या ठाम आवाजात सांगितलं, बाकी पिकं साधारण, पण तुरीचं यंदा खरं नाही. तूर पेरू नोका. लोकांत चुळबुळ झाली. आमच्याकडे कपाशीच्या आणि सोयाबीनच्या ओळींत तूर नसेल असं वावर नाही. पण घटाने सांगितलं म्हणजे सांगितलं. फोन निघाले आणि घट गावोगाव पोचला.

घरी आलो तेव्हा गजेंद्र ओसरीत बसला होता. बसला होता, हेच आधी खटकलं. त्याने फोन माझ्या हातात दिला. "तू पाहा अन् बाबाले सांग."

मी बघत गेले आणि सांगत गेले. आधी अंधार. मग एक पाखरू आलं आणि दिवा लागला. दिव्यावर किडे आले, किड्यांनी दिवा लागलेलाच राहिला, आणि आणखी किडे आले. खाली, घटावर, नुसता थर. मग शेजारच्या ओल्या भुईमुगातून एक बेडूक आला, चांगला मुठीएवढा. त्याच्यामागे आणखी दोन. दिव्याच्या बरोबर खाली तुरीची रास होती. त्यांनी तिच्यात बसून, उड्या मारून, किडे टिपून टिपून तिचं पार मातेरं केलं. पोट भरल्यावर निघून गेले. बाकी रात्रभर काही नाही.

बाबांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"उजेड नसता तं बेंडूक आला असता का?" त्यांनी गजेंद्रला विचारलं.

"मालूम नाही. पन किडे उजेडानंच आले, बाबा."

"म्हंजे तूर आपनच उधळली."

गजेंद्रने मान डोलावली.

"अन् ज्या वर्सी उजेड नव्हता, तवा कोनं?"

"ते या कॅमेऱ्यातून नाही सांगता येत. पुढच्या वर्सी दिवा बंद करून पाहा लागन."

बाबांनी पागोटं मागितलं. "चाला. लोकायले सांगू."

आई दारात आडवी आली. मी तर भांडलेच. म्हटलं, बाबा, तुमच्या बापानं, आजानं कधी घट मागं घेतला नाही. लोक काय म्हणतील? एक वर्ष तूर नाही पेरली तर कोणी मरत नाही. गजेंद्रही म्हणाला, राहू द्या. बाबा त्याच्याकडे वळले. "तुमच्यात छापून टाकतेत म्हनला ना? मी काय छापू? मी तोंडानंच सांगतो." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला.

मारुतीच्या पारावर माणसं चहा पीत तुरीचीच चर्चा करत होती. बाबा पारावर चढले. "आजचा घट मानू नोका," ते म्हणाले. "आम्ही कॅमेरा लावला होता. त्याच्या उजेडानं किडे आले, किड्यायमागं बेंडूक आला, त्यानं तूर उधळली. त्यात देवाचं काई नाही. मी चूक वाचला. ज्याले तूर पेराची, त्यानं पेरावी."

मग भाऊरावांचा आवाज आला. भाऊराव म्हणजे आमच्या भावकीतले, बाबांच्याच वयाचे, आणि बाबांशी त्यांचं शाळेपासून वाकडं. "मंग पुंजाजी," ते कप खाली ठेवत म्हणाले, "आजवरचे घट कोनं हलवले? सगळे बेंडकाचेच का?"

सगळा पार हसला. पोट धरून हसला. कोणीतरी बेडकासारखा आवाज काढला. बाबा काठीवर हात ठेवून उभे होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाच्या शब्दावर ही गावं पेरत आली, त्याला हे हसतात. मी पारावर चढले. बाया पारावर चढत नाहीत, पण मला तेव्हा कशाचं भान होतं?

"हसा," मी म्हटलं. "बेंडूक आला, खरं हाये. उजेडानं आला, खरं हाये. पन अठरा राशी होत्या तिथं. थो तुरीतच काऊन बसला? दिवा बरोबर तुरीवरच काऊन लागला? अन् इतक्या वर्सात कॅमेरा लावाची बुद्धी बाबाले याच वर्सी काऊन झाली? तुमाले वाटते बेंडकानं हलवलं. हलवनाऱ्यानं बेंडकाच्या हातानं हलवलं!"

हसू थांबलं. कोणीतरी मागून म्हणालं, "हाव, खरं हाये." मग दुसरा म्हणाला. भाऊराव उठले, पाराजवळ आले आणि माझ्या वडिलांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. शाळेपासूनचं वाकडं एका मिनिटात सरळ झालं. लोकांनी जयजयकार केला. बाबा दोन्ही हात वर करून "नाही, नाही" म्हणत होते आणि लोकांना वाटत होतं, ते आशीर्वाद देतायत.

मी अभिमानाने गजेंद्रकडे बघितलं. तो पारापासून लांब उभा होता. माझ्याकडे असा बघत होता की मी कोण, हेच त्याला आठवत नसावं.

"ताई, हे तू कुठं शिकली?"

"काय?"

"हेच." तो म्हणाला. "आम्ही बी असंच करतो. शब्द तेवढे इंग्रजी असतेत."

आणि तिथेच, पाण्याच्या टाकीजवळ, त्याने सरांना फोन लावला. मी त्याच्या मागे पळत गेले, हात धरला, त्याने सोडवून घेतला. "सर, मी आराखडा लिहिणार नाही," तो म्हणाला. पुण्याच्या मराठीत, एकदम शांत. "नाही सर, मिती नाहीच असं मी म्हणत नाही. असेलही. पण या वेळी सापडली नाही तर आपण काय म्हणणार, ते मला आजच माहीत आहे." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. तो एका जागी उभा राहून ऐकत होता. शेवटी "हो सर, विचार करून" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकत राहिला. उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन गेले तेव्हा ओसरीत एकटेच होते. मी म्हटलं, बाबा, मी तुमची अब्रू राखली. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"वंदे," ते म्हणाले, "जिंदगीत पह्यल्यांदा मी काई इचारलं होतं. उत्तर येऊन राह्यलं होतं माय. तू मधातच बोलली."

आता पेरण्या आटोपल्या आहेत. आसपासच्या गावांत यंदा तुरीच्या ओळी जवळजवळ नाहीत. गजेंद्र घरीच आहे. नांदुऱ्याच्या एका क्लासमध्ये शिकवायला जातो आणि पगार विचारला की विषय बदलतो. बाबांनी त्याला घेऊन आमच्या घटाच्या वावरात नुसती तूर पेरली, बांधापासून बांधापर्यंत. भाऊराव समजवायला आले होते. बाबा त्यांना म्हणाले, पाहाचं हाये. रोज सकाळी दोघं जाऊन बघतात. उगवलीय, पण आत्ताशी काय कळणार.

माझं तुरीचं बियाणं घरात तसंच पडून आहे. पेरणीच्या दिवशी ओट्यावर काढलं होतं, तिफणीपाशीही नेलं होतं. पारावर मी जे बोलले ते बाबांना हसतात म्हणून बोलले. त्याआधी एक क्षणही ते माझ्या मनात नव्हतं. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तरी माझा हात काही पिशवीत गेला नाही.